खगोल आणि अंतराळाचा दिनविशेष बनवताय? तारीख टाकायच्या आधी हे सगळं, याच क्रमानं

दर जुलैत तेच होतं. अपोलो ११ चे फॉरवर्ड फिरायला लागतात, कुणी २० जुलै लिहितं, कुणी २१, आणि मग खाली वाद सुरू. खरं तर बऱ्याचदा दोघांचंही बरोबर असतं, फक्त एक जण यान उतरल्याबद्दल बोलत असतो आणि दुसरा पहिल्या पावलाबद्दल, शिवाय दोघांची घड्याळं वेगळी. तारीख म्हणजे नुसता आकडा नाही. कोणती घटना, कोणत्या घड्याळानं आणि कोणत्या कॅलेंडरनं, हे तीन प्रश्न सुटल्याशिवाय ती तारीख अर्धवटच असते. बहुतेक जण या तीन प्रश्नांना हातच न लावता थेट "आज किती वर्षं झाली" मोजायला बसतात आणि तिथंच सगळं बिघडतं.

म्हणून खालचा क्रम मोडू नका. घटना आधी, मग घड्याळ, मग कॅलेंडर, मग स्रोत, आणि वर्षांची मोजणी त्यानंतरच.

## तयारी: आधी एक शीट बनवा

फोनच्या नोट्समध्ये तारखांची यादी ठेवू नका, साधी स्प्रेडशीट करा. कॉलम एवढे पुरेत: घटना (एका पूर्ण वाक्यात), स्थानिक तारीख-वेळ, यूटीसी (जगभर धरतात ती प्रमाणवेळ) तारीख-वेळ, कॅलेंडर, स्रोत १, स्रोत २, शंका, फोटो कुठून घेतला. "शंका" हा कॉलम रिकामा ठेवायची सवय लावून घेऊ नका, कारण सहा महिन्यांनी तुम्हालाच आठवणार नाही की ही तारीख पक्की होती की घाईत उचललेली.

महिना नेहमी अक्षरात लिहा. अमेरिकेत महिना आधी लिहितात, त्यामुळे तिकडच्या पानावर ४/१२/१९६१ दिसलं तर ती गागारिनच्या उड्डाणाची १२ एप्रिल आहे, ४ डिसेंबर नाही. तसंच ७/४/२०१२ म्हणजे हिग्ज बोसॉन हा मूलकण सापडल्याची घोषणा झाली ती ४ जुलै. ज्या तारखेत दिवस १२ किंवा त्याहून कमी आहे तिथं हा गोंधळ कुणाच्या लक्षातही येत नाही, त्यामुळे अशा तारखा शीटमध्ये रंगवून ठेवा आणि दोनदा बघा.

तपासा: स्रोतात वार दिलेला असेल तर तोही जुळवा. २० जुलै १९६९ रविवार होता, ४ ऑक्टोबर १९५७ शुक्रवार, १२ एप्रिल १९६१ बुधवार. वार जुळत नसेल तर तारीख, वर्ष किंवा कॅलेंडर यातलं काहीतरी चुकलंय.

## १. घटना नेमकी कोणती ते एका वाक्यात लिहा

"प्लूटोचा शोध" ही घटना नाही, तो एक लांबलचक प्रकार आहे. लॉवेल वेधशाळेत क्लाइड टॉम्बॉनं ज्या फोटोप्लेट्स घेतल्या त्या २३ आणि २९ जानेवारी १९३० च्या. त्या प्लेट्स शेजारी लावून बघताना सरकणारा ठिपका त्याला दिसला तो १८ फेब्रुवारीला. जगाला सांगितलं १३ मार्चला, आणि ती तारीख मुद्दाम निवडलेली होती, कारण हर्शलला युरेनस दिसला तो १३ मार्च १७८१ ला आणि वेधशाळेचा संस्थापक पर्सिव्हल लॉवेल याचा जन्मही १३ मार्चचाच. नाव जाहीर झालं १ मेला. आता २०३० मध्ये शंभर वर्षं होतील तेव्हा यातली कुठलीही तारीख धरून पोस्ट येईल, आणि वाक्य नीट लिहिलेलं असेल तर त्यातली कुठलीही चुकीची नसेल! "प्लूटो दिसला" लिहायचंय तर १८ फेब्रुवारी, "जाहीर झाला" लिहायचंय तर १३ मार्च.

असे टप्पे जवळजवळ प्रत्येक शोधाला असतात: नोंद झाली, लक्षात आलं, खात्री झाली, जाहीर झालं, छापून आलं. गुरुत्वीय लहरींचा पहिला सिग्नल आला १४ सप्टेंबर २०१५ ला, जाहीर केला ११ फेब्रुवारी २०१६ ला. व्हॉयेजर १ सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडलं २५ ऑगस्ट २०१२ ला आणि नासानं तसं सांगितलं सप्टेंबर २०१३ मध्ये, म्हणजे वर्षभरानंतर. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेची ग्रहणात तपासणी झाली २९ मे १९१९ ला, निकाल वाचून दाखवला ६ नोव्हेंबरला. हे सगळं एकाच "शोध लागला" मध्ये कोंबलं की वाद होणारच.

अंतराळ मोहिमांचंही तसंच, प्रक्षेपण, कक्षेत शिरणं, उतरणं, संपर्क तुटणं, सगळं वेगळं. चंद्रयान-३ निघालं १४ जुलै २०२३ ला आणि उतरलं २३ ऑगस्टला, त्यामुळे राष्ट्रीय अंतराळ दिवस २३ ऑगस्टचा. मंगळयान सुटलं ५ नोव्हेंबर २०१३ ला, मंगळाच्या कक्षेत गेलं २४ सप्टेंबर २०१४ ला. "मंगळयान दिन" असं मोघम लिहू नका.

सावध: व्हॉयेजर २ हे व्हॉयेजर १ च्या आधी सुटलं. २ चं प्रक्षेपण २० ऑगस्ट १९७७, १ चं ५ सप्टेंबर १९७७. नंबरावरून क्रम धरलात तर २०२७ च्या पन्नाशीच्या पोस्टमध्ये हीच चूक होणार.

## २. घड्याळ ठरवा

सगळ्यात जास्त वाद इथं होतात म्हणून इथं सावकाश जा.

अपोलो ११ चं उतरणारं यान ईगल चंद्रावर टेकलं ते २० जुलै १९६९ ला यूटीसी २०:१७ वाजता. आर्मस्ट्राँगचं पाऊल पडलं यूटीसी ०२:५६ ला, तेव्हा यूटीसीत २१ जुलै लागली होती, पण अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर २० जुलैचे रात्रीचे १०:५६ वाजले होते. भारतीय वेळेत तर दोन्ही घटना २१ तारखेच्या, उतरणं मध्यरात्रीनंतर १:४७ ला आणि पाऊल सकाळी ८:२६ ला. म्हणजे २० लिहिणारा आणि २१ लिहिणारा, दोघांकडेही आधार आहे. पहिला कृत्रिम उपग्रह स्पुटनिक १ सुटला तेव्हा मॉस्कोत ४ ऑक्टोबरची रात्र होती, यूटीसीत १९:२८, आणि भारतात ५ ऑक्टोबर लागून तासभर होत आला होता. सोव्हिएत यान लूना २ चंद्रावर आदळलं तेव्हा यूटीसीत १३ सप्टेंबर १९५९ होता आणि मॉस्कोत नुकतीच १४ लागलेली, त्यामुळे रशियन स्रोत १४ म्हणतात, बाकीचे बरेचसे १३. अपोलो १३ चा ऑक्सिजन टँक फुटला तो ह्यूस्टनमध्ये १३ एप्रिल १९७० च्या रात्री, यूटीसीत १४ एप्रिल.

आपल्याकडचं उदाहरण चंद्रयान-२ चं. त्यातल्या विक्रम लँडरचा संपर्क तुटला तो भारतीय वेळेनुसार ७ सप्टेंबर २०१९ ला पहाटे दोनच्या सुमारास, यूटीसीत अजून ६ तारीखच होती. बाहेरच्या याद्यांमध्ये ६ सप्टेंबर दिसतं ते यामुळे.

मग धरायचं काय? मी हा नियम पाळतो आणि तुम्हालाही हाच सुचवेन:

घटना पृथ्वीवर घडली असेल (प्रक्षेपण, वेध, घोषणा) तर जिथं घडली तिथली स्थानिक तारीख. घटना अंतराळात घडली असेल तर यूटीसी. मोहीम चालवणाऱ्या देशानं एखादी तारीख अधिकृत ठरवली असेल तर मुख्य तारीख तीच, आणि यूटीसीचा फरक असेल तर मजकुरातच एका ओळीत सांगून टाकायचा. गुपचूप भारतीय वेळेत बदलून "५ ऑक्टोबर, स्पुटनिक दिन" असं कधीच करू नका, कारण वाचणारा दुसरीकडे शोधायला जाईल आणि त्याला ४ सापडेल.

दूरच्या यानांना अजून एक भानगड असते. घटना तिकडे घडते आणि सिग्नल इकडे नंतर पोचतो. नासाची क्युरिऑसिटी ही फिरती गाडी मंगळावर उतरली तेव्हा सिग्नलला सुमारे १४ मिनिटं लागत होती. न्यू होरायझन्स प्लूटोजवळून गेलं १४ जुलै २०१५ ला यूटीसी ११:४९ वाजता, पण "मी ठीक आहे" हा निरोप आला तेव्हा यूटीसीत १५ जुलै उजाडली होती. मोहिमांच्या कागदपत्रांत या दोन वेळा वेगळ्या दिलेल्या असतात, एक यानाजवळची, एक पृथ्वीवर सिग्नल मिळाल्याची. कुठली उचलली ते शीटमध्ये लिहा.

सावध: जुन्या वेधांच्या नोंदींमध्ये १ जानेवारी १९२५ च्या आधी खगोलीय दिवस दुपारी १२ ला सुरू व्हायचा. म्हणजे जुन्या वहीत "१० तारीख, २० तास" लिहिलं असेल तर आपल्या रोजच्या हिशोबात ती ११ तारखेची सकाळ. मूळ नोंद वाचत असाल तरच हे लागतं, पण लागतं तेव्हा पूर्ण दिवसाचा फरक पडतो.

तपासा: यूटीसी १८:३० नंतरची कुठलीही घटना भारतात दुसऱ्या दिवशी जाते. अशा सगळ्या ओळी फिल्टर करून एकदा बघा.

## ३. कॅलेंडर बघा, विशेषतः १७५२ आधीचं इंग्लंड आणि १९१८ आधीचा रशिया

ग्रेगोरियन कॅलेंडर आलं १५८२ मध्ये, ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर. पण सगळ्यांनी ते एकदम घेतलं नाही. इंग्लंडनं सप्टेंबर १७५२ मध्ये घेतलं (२ नंतर १४), रशियानं १९१८ मध्ये (३१ जानेवारीनंतर १४ फेब्रुवारी). त्याआधीच्या तिथल्या तारखा जुन्या, म्हणजे ज्युलियन कॅलेंडरच्या. फरक असा धरायचा: १७०० च्या फेब्रुवारीअखेरपर्यंत १० दिवस, मग १८०० पर्यंत ११, १९०० पर्यंत १२, त्यानंतर १३.

न्यूटनचं उदाहरण घ्या कारण २०२७ मध्ये त्याच्या मृत्यूला ३०० वर्षं होतायत आणि गोंधळ नक्की होणार आहे. जन्म इंग्लंडच्या तेव्हाच्या कॅलेंडरनं २५ डिसेंबर १६४२, आजच्या कॅलेंडरनं ४ जानेवारी १६४३. मृत्यू जुन्यानं २० मार्च, नव्यानं ३१ मार्च १७२७. वर त्या काळी इंग्लंडात कायदेशीर नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणून जुन्या कागदांत मृत्यूचं साल १७२६ दिसतं. दोन्ही साल खरंच आहेत, मोजायला मात्र १७२७ घ्या.

"गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला" हे वाक्य दरवर्षी फिरतं. गॅलिलिओचा मृत्यू ८ जानेवारी १६४२, इटलीत, म्हणजे ग्रेगोरियन. न्यूटनचं १६४२ ज्युलियन. एका कॅलेंडरवर दोन्ही आणलं की साल वेगळं पडतं. ऐकायला छान वाटतं म्हणून ठेवू नका, काढून टाका.

रशियाचं गणित करताना फेब्रुवारीत नीट बघा. मेंडेलीव्हच्या आवर्तसारणीची तारीख जुन्यानं १७ फेब्रुवारी १८६९. त्यात १२ मिळवले की २९ फेब्रुवारी येते, पण १८६९ लीप वर्ष नव्हतं, म्हणून १ मार्च.

१५८२ च्या आधीच्या तारखांना मात्र हात लावू नका. कोपर्निकसचा जन्म १९ फेब्रुवारी १४७३ आणि कर्क अभ्रिकेच्या (क्रॅब नेब्युला) अतिनवताऱ्याची, म्हणजे स्फोट झालेल्या ताऱ्याची, ४ जुलै १०५४, या ज्युलियन तारखाच सगळीकडे वापरतात. तुम्ही एकट्यानं बदलून १० जुलै केलंत तर गणित बरोबर असूनही कुणाशी जुळणार नाही.

सावध: जी तारीख आधीच कुणीतरी बदललेली आहे तिच्यात पुन्हा दिवस मिळवणं ही फार होणारी चूक आहे. स्रोतात "जुनी पद्धत" किंवा "नवी पद्धत" लिहिलंय का ते आधी शोधा.

## ४. दोन स्रोत, आणि ते खरंच वेगळे असायला हवेत

तीन वेबसाइट्सवर तेच वाक्य, तीच चूक आणि तोच स्वल्पविराम असेल तर तो एकच स्रोत आहे. एक स्रोत मूळ घटनेच्या जवळचा घ्या: इस्रोचं किंवा नासाचं मोहिमेचं पान, नासाच्या अंतराळविज्ञान डेटा संग्रहातली यानाची नोंद, शोधनिबंधाचं पहिलं पान, वेधशाळेचं पत्रक. दुसरा त्यावर अवलंबून नसलेला, म्हणजे त्या दिवशीचं वर्तमानपत्र किंवा चांगलं चरित्र.

मराठीत हेलियमबद्दल जे फिरतं ते बघा म्हणजे हे का करायचं ते कळेल. फॉरवर्ड म्हणतो, १८ ऑगस्ट १८६८ ला लॉकियरनं विजयदुर्गावरून हेलियम शोधला. १८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास सूर्यग्रहण होतं हे खरं. पण त्या दिवशी गुंटूरमध्ये वेध घेत होता तो फ्रेंच शास्त्रज्ञ जॅनसन. नॉर्मन लॉकियर तेव्हा इंग्लंडात होता आणि सूर्यज्वालांचा वर्णपट त्यानं तिथूनच, ग्रहण नसताना, २० ऑक्टोबर १८६८ ला पाहिला. लॉकियर विजयदुर्गाला आला होता हेही खरं आहे, पण ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, तीस वर्षांनी. आणि पृथ्वीवर हेलियम हाती लागला तो १८९५ मध्ये, विल्यम रॅमसेच्या प्रयोगशाळेत. चार खऱ्या गोष्टी एकत्र शिवून एक खोटी गोष्ट तयार झाली आहे. विजयदुर्गाचा खगोलशास्त्राशी असलेला संबंध खराखुरा आहे, अभिमानानं सांगण्यासारखा आहे, म्हणून तर तो बरोबर तारखेनिशी सांगायला हवा.

तपासा: व्यक्ती त्या दिवशी त्या जागी होती का? एवढा एक प्रश्न विचारलात तरी बऱ्याच चुका गळून पडतात.

## ५. आता वर्षं मोजा

चालू वर्षातून घटनेचं वर्ष वजा केलं की त्या तारखेला पूर्ण झालेली वर्षं मिळतात. ४ ऑक्टोबर २०२७ ला स्पुटनिकला ७० वर्षं पूर्ण, आणि त्याच दिवशी ७१ वं सुरू. मजकुरात "इतकी वर्षं पूर्ण" असंच लिहा, वाद मिटतो.

दरवर्षी साजरा होणारा दिवस मात्र वेगळा मोजतात कारण पहिला दिवस स्वतःच एक नंबर घेतो. रामन परिणामाचा शोध २८ फेब्रुवारी १९२८, राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा व्हायला लागला १९८७ पासून. म्हणजे २८ फेब्रुवारी २०२८ ला शोधाला १०० वर्षं पूर्ण, पण विज्ञान दिन ४२ वा. बॅनरवर "१०० वा विज्ञान दिन" छापला जाण्याची मला आत्तापासून भीती वाटतेय.

इसवी सनापूर्वीच्या घटना असतील तर शून्य साल नाही हे लक्षात ठेवा. इ. स. पू. ५८५ मधलं ग्रीक विचारवंत थेल्सशी जोडलं जाणारं ग्रहण घ्या, २६०० वर्षं कधी पूर्ण झाली? ५८५ अधिक २०१६ वजा १ म्हणजे २६००, म्हणून २०१६ मध्ये. २०१५ मध्ये नाही.

दिवसांत मोजायचं असेल ("१०,००० दिवस झाले" वगैरे) तर हातानं मोजू नका, दोन्ही तारखांचे ज्युलियन दिवसांक (एका ठरलेल्या दिवसापासूनची सलग दिवसमोजणी, ज्युलियन कॅलेंडर नव्हे) काढा आणि वजा करा. हा अंक दुपारी १२ ला बदलतो. पडताळ्यासाठी: १ जानेवारी २००० ची दुपार म्हणजे २४५१५४५.

## ६. "पहिला" हा शब्द आणि फोटो

"पहिला" लिहिलं की लगेच पुढे "कशात" हे लिहा. लायका ही कुत्री अंतराळात गेलेली पहिली सजीव नव्हती, १९४७ मध्ये व्ही-२ रॉकेटमधून फळमाश्या जाऊन आल्या होत्या, लायका ही पृथ्वीभोवती कक्षेत गेलेली पहिली प्राणी. चंद्रयान-३ दक्षिण ध्रुवावर उतरलं नाही, सुमारे ६९ अंश दक्षिण अक्षांशावर उतरलं, म्हणून "दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात" लिहा, आणि अलगद उतरणारा भारत चौथा देश.

फोटोंमध्ये एक चूक वर्षानुवर्षं चालू आहे. चंद्रावरचा तो प्रसिद्ध फोटो, हेल्मेटच्या काचेत प्रतिबिंब दिसतं तो, आर्मस्ट्राँगचा नाही, आल्ड्रिनचा आहे. काढलाय आर्मस्ट्राँगनं. चंद्राच्या क्षितिजावर उगवणारी पृथ्वी हा फोटो अपोलो ८ चा, २४ डिसेंबर १९६८, आणि पूर्ण गोल निळी पृथ्वी अपोलो १७ चा, ७ डिसेंबर १९७२. अपोलो ११ च्या पोस्टला हे लावू नका.

## ७. आकाशदर्शन ठेवणार असाल तर

तारीख तीच आली म्हणून आकाश तेच येत नाही. चंद्राची कला त्याच तारखेला साधारण १९ वर्षांनी परत जुळते. ईगल उतरलं तेव्हा शुक्ल पक्षातली कोर होती, अमावस्या १४ जुलैला होऊन गेलेली. १९ च्या तीन फेऱ्या धरल्या की २०२६ येतं आणि १४ जुलै २०२६ ला पुन्हा अमावस्या आहे, म्हणजे २० जुलैच्या संध्याकाळी जवळपास तशीच कोर. इतर वर्षी आधी पंचांग किंवा तारांगण सॉफ्टवेअर बघा, नाहीतर "आज चंद्रावरची ती जागा बघू या" म्हणून लोक जमवाल आणि चंद्र क्षितिजाखाली असेल.

## ८. मजकूर लिहा, शेड्यूल करा, दुरुस्तीची जागा ठेवा

पहिल्या ओळीत घटनेचं पूर्ण वाक्य, तारीख आणि घड्याळ. असं: "२० जुलै १९६९, यूटीसी २०:१७: अपोलो ११ चं ईगल चंद्रावर उतरलं (भारतीय वेळ २१ जुलै, पहाटे १:४७)." त्यानंतर किती वर्षं पूर्ण. गोष्ट, फोटो, बाकी सगळं त्याखाली.

पोस्ट शेड्यूल करताना टूलचा टाइमझोन बघा, बऱ्याच टूल्समध्ये तो आपोआप दुसऱ्याच देशाचा असतो आणि बरोबर लिहिलेली पोस्ट आदल्या दिवशी जाते.

चूक निघाली तर पोस्ट डिलीट करू नका. मूळ मजकुरातच दुरुस्ती करा, काय बदललं ते एका ओळीत लिहा आणि ज्या ग्रुपवर टाकलं होतं तिथं तीच दुरुस्ती पाठवा, कारण डिलीट झालेल्या पोस्टचे स्क्रीनशॉट फिरतच राहतात. मग शीट उघडा आणि तिथली ओळही आजच बदला, पुढच्या वर्षी कॉपी तिथूनच होणार आहे.